मनाच्या शाळेची कुळकथा

फराळाच्या ताटाभोवती चार नातलग जमले, म्हणजे बोलणे हटकून मुलांच्या शिक्षणावर येते. थोरला इंजिनिअर होणार, मधली डॉक्टर होणार, येथवर सारे सुरळीत चालते. मग कोपऱ्यात चकली मोडीत बसलेली धाकटी हळूच सांगते, की मी बी.ए.ला मानसशास्त्र घेणार आहे. घटकाभर कोणी बोलत नाही. आजोबा अडकित्ता खाली ठेवतात. आत्याबाई विचारतात, "म्हणजे ते वेड्यांचे का गं?" आणि काका पुणेकर असले, तर येरवड्याचा तो जुना विनोद केल्यावाचून त्यांना राहवत नाही.

वाचकहो, या विनोदाचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे, आणि त्याला कारणही आहे. गणित, व्याकरण, वैद्यक यांची घराणी आपल्याला ठाऊक आहेत. मानसशास्त्र हा पाहुणा मात्र कोठून आला, कोणाच्या ओळखीने आपल्या घरात शिरला, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून त्याची कुळकथा आपल्या मुलुखापुरती सांगावी, असे मनात आले. मॅट्रिकच्या पुढची पायरी न चढलेल्या शाळामास्तराने हा उद्योग करावा, याचे कोणाला हसू येईल. परंतु मास्तरकी आणि कादंबरी या दोन्ही धंद्यांत दिवसभर माणसांची मनेच हाताळावी लागतात. तेव्हा या शास्त्राच्या दारात उभे राहून आत डोकावण्याचा एवढा हक्क आम्हाला असावा.

मनाविषयी आपण मराठी माणसे काही अगदी मुकी नव्हतो. समर्थांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले आणि ते घरोघर तिन्हीसांजेला म्हटले गेले. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभीच ज्ञानदेव श्रोत्यांपाशी 'अवधान' मागतात. आज बी.ए.च्या पुस्तकात एकाग्रतेच्या प्रकरणाला जे नाव आहे, ते हेच. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मंदिराच्या ओसरीवर मागितलेली वस्तू आता परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत येऊन बसली आहे. तात्पर्य, शब्द आपल्याकडे होते, निरीक्षणही होते. मात्र आपण मनाला बहुधा उपदेश केला. 'बाबा रे, तू असा का वागतोस?' असे त्याला विचारून त्याच्या उत्तराची नोंद वहीत करण्याची रीत आपली नव्हती.

ही रीत युरोपातही फार जुनी नाही. जर्मनीतील लायप्झिग येथे विल्हेल्म वुंट या प्राध्यापकाने १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, आणि या शास्त्राचा जन्म तेथे झाला असे मानण्याचा प्रघात पडला. तेथे काय चाले? आवाज कानी पडल्यापासून माणूस कळ दाबीपर्यंत किती वेळ जातो, हे सूक्ष्म घड्याळाने मोजीत. ऐकणाऱ्याला हे पोरखेळ वाटेल. पण त्यातली हिंमत लक्षात घ्या. मन ही केवळ चिंतनाची वस्तू नसून तिच्या हालचालीला वेळ लागतो आणि तो मोजता येतो, असे कोणीतरी म्हणण्याचे धाडस केले होते.

त्या प्रयोगशाळेचा एक शिष्य ह्यूगो म्युन्स्टरबर्ग अमेरिकेत हार्वर्डला गेला. त्याच्यापाशी शिकून नरेंद्रनाथ सेनगुप्त हे बंगाली विद्वान परत आले, आणि १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याचा अभ्यासक्रम ब्रजेंद्रनाथ सील यांनी त्याआधीच आखून ठेवला होता. म्हणजे गुरूचा गुरू लायप्झिगला, गुरू हार्वर्डला आणि शिष्य हुगळीकाठी! आपल्या गायकांची घराणी जशी गावोगाव फिरली, तसेच हे घराणेही फिरले. तोवर आपल्या महाविद्यालयांत मानसशास्त्र तत्त्वज्ञानाच्या पदराला धरून वावरत होते. तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र यांच्या मागोमाग त्याचीही थोडी पाने वाचली जात. घरात असूनही सातबाराच्या उताऱ्यावर नाव नाही, अशी त्याची अवस्था होती.

आपल्या बाजूला या शास्त्राचा पहिला ठळक ठसा उमटला तो शाळेच्या निमित्ताने. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्याचा सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली एक प्रश्नमालिका तयार केली. पॅरिसच्या शाळांतील कोणत्या मुलांना जादा मदतीची गरज आहे, हे ओळखणे एवढाच तिचा हेतू. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टर्मनने १९१६ साली तिची सुधारलेली आवृत्ती काढली आणि बुद्धिगुणांक हा आकडा जगभर गाजू लागला. ही चाचणी आपल्या मुलांच्या मापाची करण्याचे काम व्ही. व्ही. कामत यांनी हाती घेतले. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथे कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी ती बेतली, आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशके आपल्या दवाखान्यांत आणि शाळांत वापरली गेली.

हे नुसते भाषांतर नव्हते, हे ध्यानात घ्यावे. पॅरिसच्या पोराच्या रोजच्या पाहण्यातली एखादी वस्तू धारवाडच्या पोराने जन्मात पाहिलेली नसेल, तर त्याचे उत्तर चुकते. मग दोष कोणाचा, पोराच्या बुद्धीचा की प्रश्नाचा? शिंप्याने एकाचे माप घेऊन दुसऱ्याचा सदरा शिवावा आणि बसला नाही म्हणून अंगाला नावे ठेवावीत, तसे ते व्हायचे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने १७ लाखांच्या आसपास सैनिकांच्या बुद्धीची चाचणी घेतली, आणि त्या आकड्यांवरून अमुक देशाचे लोक हुशार, तमुक देशाचे मंद, अशी प्रतवारी लावणारे पंडितही निघाले. मुलाला मदत मिळावी म्हणून बिनेने काढलेले साधन माणसांना खालच्या पायरीवर बसवण्यासाठी वापरले गेले. बिनेने स्वतः बजावून ठेवले होते, की मुलाची बुद्धी हा काही कायमचा कोरलेला आकडा नव्हे. तो १९११ सालीच वारला. गुरू गेला आणि शिष्यांनी मठ बांधले.

आम्हा मास्तरांना ही गोष्ट फार जवळची आहे. आमच्या धंद्यात आकड्याचीही गरज भासत नाही. 'मठ्ठ' हा एक शब्द पुरतो. तिसरीत एखाद्याला तो चिकटला, की सातवीपर्यंत तो मुलगा स्वतःच तसा वागू लागतो. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मापनाचे हे प्रकरण नीट शिकवले, त्याच्या इतिहासासकट शिकवले, तर त्या वर्गातून निघालेली मुलगी उद्या शिक्षिका झाल्यावर तो शब्द उच्चारताना थबकेल. पदवीचा एवढा एक उपयोग झाला, तरी फी वसूल झाली असे मी म्हणेन.

आता पुण्याकडे वळू. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. पहिल्या वर्षी १८ महाविद्यालये आणि आठ हजारांवर विद्यार्थी असा त्याचा संसार होता. लगेच दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९५० साली, प्रा. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. नावातले ते 'प्रायोगिक' हे विशेषण हौसेने लावलेले नव्हते. तत्त्वज्ञानाच्या वडिलोपार्जित वाड्यातून वेगळे बिऱ्हाड थाटल्याची ती पाटी होती. पुढे १९६२ साली डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनी उभी केली. ते स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक. बुद्धिमान मुलांना हेरावे आणि त्यांच्या बुद्धीला समाजाच्या कामाकडे वळवावे, हा त्यांचा ध्यास. म्हणजे लायप्झिगला आवाज आणि कळ यांच्यातले अंतर मोजत निघालेले शास्त्र सदाशिव पेठेत राष्ट्रकार्याला जुंपले गेले!

विद्यापीठातून हा विषय संलग्न महाविद्यालयांत उतरला. आधी शहरात, मग तालुक्याच्या गावी. तेथे त्याचे रूप मोठे गमतीचे असते. प्रयोगशाळा म्हणजे बहुधा एक खोली, कधी नुसते एक कपाट. कपाटात आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे साधन, बोटाने वाट शोधण्याचा चक्रव्यूह, प्रतिक्रियाकाल मोजण्याचे घड्याळ, आणि म्यूलर-लायरच्या त्या दोन रेघा. एकीच्या टोकांना बाणाची पाती आत वळलेली, दुसरीच्या बाहेर. रेघा लांबीला तंतोतंत सारख्या. फूटपट्टी लावून खात्री करून घ्या, आणि पुन्हा पाहा. एक लांब, एक आखूड दिसतेच! डोळ्यांनी पाहिलेले खरे मानून भांडणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदा तरी ही दोन रेघांची पाटी पाहावी. 'मी स्वतः पाहिले' हे वाक्य त्यानंतर तो जरा बेताने बोलेल.

स्मरणाचा प्रयोग तर आणखी नामी. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून आपण किती वेगाने विसरतो, हे स्वतःवरच अजमावले आणि १८८५ साली प्रसिद्ध केले. विसर पडतो तो आधी झपाट्याने, मग हळूहळू, हे त्याने दाखवले. आता हे निरर्थक शब्द मराठीत करू जा. दोन अक्षरे जोडली, की कोठल्या तरी जिल्ह्यात त्याचा अर्थ निघतो, आणि जेथे अर्थ निघत नाही, तेथे ते कोणाचे तरी आडनाव असते! वर्ग हसतो. पण हसता हसता मुलांना कळते, की अर्थाचा धागा सापडला म्हणजे पाठांतर सोपे होते. बारा वर्षे आपण अर्थावाचून घोकत आलो, याचा उलगडाही त्यांना तेथेच होतो.

या प्रयोगांत एक मुलगा प्रयोग करणारा, दुसरा ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मोठ्या शहरातील शंभर मुलांच्या वर्गात जे साधत नाही, ते पंधरा-वीस मुलांच्या लहान वर्गात आपोआप साधते. जोडीदाराची चूक टिपताना तिची थट्टा करावयाची नाही, त्याला आधी सगळे समजावून सांगावयाचे, त्याची संमती घ्यावयाची, आणि निकाल चव्हाट्यावर मांडावयाचा नाही. ही शिस्त पुस्तकातून येत नाही, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीमुळे येते. लहान महाविद्यालयाच्या उणिवा खूप. ग्रंथालयात नवी पुस्तके नसतात, उत्तम पुस्तके इंग्रजीत असतात, आणि उद्दीपक, अभिसंधान, अबोध मन असे जोडाक्षरी शब्द घोकून परीक्षा देणारी मुले पुष्कळ असतात. पण ओळखीच्या चेहऱ्यांत शिकण्याची ही सोय तेथे आहे, हेही जमेस धरले पाहिजे.

येथवरची कथा ग्रंथांची आणि प्राध्यापकांची झाली. आता नगर रस्त्याने पुण्याबाहेर पडू. येरवडा मागे टाकले, वडगाव शेरी आणि खराडी ओलांडली, की वाघोली येते. पेशवाईत नावाजलेल्या सरदार पिलाजी जाधवरावांचे हे गाव. वाघेश्वराचे देऊळ त्यांच्या काळाची आठवण देत उभे आहे. कालपर्यंत हवेली तालुक्यातील ग्रामपंचायत असलेले हे गाव ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत आले. या गावाचे मनाच्या शास्त्राशी नाते जडले ते मात्र भूकंपामुळे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून मराठवाड्यातली माणसे दमून झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसराची जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या, आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १० हजार माणसे गेली. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला आणले, आणि पुढे त्यांच्यासाठी वाघोलीत शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. नंतरच्या काळात मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलेही तेथे शिकावयास आली. त्याच संस्थेचे कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालयही आज वाघोलीत आहे.

१२०० मुले! आकडा वाचून पुढे जाऊ नका. ज्याच्या घराचे आढे डोळ्यांदेखत खाली आले, असे मूल वर्गात पहिल्या बाकावर बसले आहे, असे समजा. जगभरच्या आपत्तींतून या शास्त्राने जे जमवले आहे, ते सांगते, की असे मूल नेहमी रडतेच असे नाही. ते गप्प होते. बारा वर्षांचे असून अंथरूण ओले करते. ट्रक गेल्याने खिडकी थरथरली, की दाराकडे धावते. खेळात मातीची घरे बांधते आणि पुन्हा पुन्हा पाडते. अनाडी माणूस याला हट्ट, भित्रेपणा किंवा अवलक्षण म्हणेल. आघातानंतर उरणाऱ्या या तणावाला वैद्यकाच्या अधिकृत ग्रंथात नाव मिळाले तेच १९८० साली, अमेरिकेत, व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या निमित्ताने. किल्लारीच्या आधी अवघी तेरा वर्षे.

आणि उपाय? तोही शास्त्राने साधाच सांगितला आहे. रोजची ठरावीक घंटा, वेळेवर जेवण, ओळखीचे मोठे माणूस, खेळ, आणि बोलावेसे वाटले तर ऐकणारे कोणी. बहुतेक मुले एवढ्यावर सावरतात, थोड्यांनाच तज्ज्ञाची गरज लागते. म्हणून अशा मुलांसाठी शाळा हेच पहिले औषध ठरते. दुसरी बाजूही आहे. हेच शास्त्र असेही सांगते, की दुःखातल्या मुलाला शक्यतो आपल्या माणसांजवळ, आपल्या बोलीत राहू द्यावे. किल्लारीहून पुणे तीनशेहून अधिक किलोमीटर. जेथे घरच उरले नव्हते, तेथे जवळ ठेवावे की दूर नेऊन शिकवावे, या प्रश्नाचे सोपे उत्तर नव्हते. ज्यांनी मुले आणली त्यांनी एक वाट धरली, आणि शेकडो मुले त्या वाटेने शिकून मोठी झाली.

अशा मुलाजवळ रात्री दोन वाजता कोण असते? डॉक्टर नसतो. असतात वसतिगृहाच्या बाई, स्वयंपाकघरातील मावशी, वर्गशिक्षक. पुण्यात १९९१ साली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था निघाली. 'घाशीराम कोतवाल'मधील नाना फडणवीस म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते डॉ. मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञ तिचे संस्थापक संचालक. परंतु असे तज्ज्ञ एका राज्याला पुरणार किती? उरलेले काम शेवटी गावातल्या शहाण्या माणसावरच येते. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मुलगी हे शहाणे माणूस होऊ शकते, आणि लहान महाविद्यालयाच्या त्या कपाटाएवढ्या प्रयोगशाळेचे खरे मोल मला येथे दिसते.

'होऊ शकते' असे मी जाणून म्हणतो. कारण अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची सोय या विषयात फार आहे. दोन प्रकरणे वाचून सासूला 'न्यूनगंड' आणि दिराला 'विकृती' ठरवणारे विद्यार्थी सर्वत्र आढळतात. पदवी मिळाली म्हणजे दारावर उपचाराची पाटी लावता येते, हा तर शुद्ध गैरसमज. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हावयाचे, तर पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती परिषद १९९२ च्या कायद्याने कामाला लागली. पालकांनी आणि मुलांनी प्रवेशाच्या आधीच ही वाट किती लांब आहे ते पाहून घ्यावे. तीन वर्षांच्या पदवीवर लगेच नोकरी मिळेल, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मात्र समाज या वाटेवर किती चालून आला, हे कायद्यांच्या भाषेतून दिसते. १९१२ च्या इंग्रजी अंमलातील कायद्याच्या नावातच चंद्रामुळे वेड लागते, या जुन्या युरोपीय समजुतीतला 'ल्यूनसी' हा शब्द होता. १९८७ साली त्या जागी मानसिक आरोग्याचा कायदा आला. २०१७ च्या कायद्याने उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घ्यावी, असे सांगितले. चंद्रापासून हक्कापर्यंत यायला १०५ वर्षे लागली. शेतकऱ्यांच्या ज्या मुलांचा उल्लेख वर केला, त्यांच्या घरांच्या दृष्टीने ही वर्षे फार झाली.

तेव्हा धाकटीने मानसशास्त्राचे नाव काढले, तर आत्याबाईंनी तिला जवळ बसवून घ्यावे. कोणत्या महाविद्यालयात घेणार, तेथे प्रात्यक्षिके खरोखर होतात की जर्नल नुसते उतरवून काढतात, शिकवणाऱ्या बाई मुलांशी कशा बोलतात, पुढचा खर्च किती, हे विचारावे. तेवढ्यात काकांनाही एक काम सांगून ठेवावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनीची सोय चालू केली आहे, क्रमांक १४४१६. मन फार खचले, तर कोणालाही तेथे फुकट बोलता येते. येरवड्याचा विनोद पुढच्या दिवाळीपर्यंत राखून ठेवावा, आणि हा क्रमांक आजच घरातल्या दिनदर्शिकेवर, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी, लिहून ठेवावा.